पळसाची लाख आणि वाकलेल्या तबकड्या

फाल्गुन सरत आला की वसमत आणि कळमनुरीच्या शिवारांत शिजवलेली हळद उन्हात पसरली जाते, तिचा तो ओलसर, कडवट, मातकट दरवळ पंधरा-वीस दिवस साऱ्या टापूवर रेंगाळत राहतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत मी आमच्या माळवदावर दोन जाड काचांच्या मध्ये एखादी वाकलेली तबकडी ठेवून तिच्या शेजारी, छत्रीच्या सावलीत, घड्याळ घेऊन बसतो. खाली अंगणात हळकुंडे उलटीपालटी केली जात असतात आणि वर माझे लक्ष काचेखालच्या त्या काळ्या वर्तुळावर खिळलेले असते. शेजारपाजारच्यांना या उद्योगाची आता सवय झाली आहे. तथापि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात राहून जॅझ संगीताच्या ध्वनिमुद्रिका जमविणारा मनुष्य त्यांच्या दृष्टीने अद्याप एक कोडेच आहे, आणि ‘त्या अमेरिकेच्या बाजाशी आपल्या मुलखाचा संबंध तो काय?’ हा प्रश्न मला गेल्या चाळीस वर्षांत इतक्या वेळा आणि इतक्या निर्मळ कुतूहलाने विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो. संबंध आहे, आणि तो पुष्कळ जुना आहे. या मुलखाने जॅझचे नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी जॅझ ऐकले होते. आणि ज्या द्रव्यावर ते कोरलेले होते, ते द्रव्य आमच्या माळरानांवर होळीच्या सुमारास पेटल्यासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या जातकुळीतून आलेले होते.

ते झाड पळसाचे. पळस, कुसुंब, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर एक अतिसूक्ष्म कीटक वस्ती करतो आणि स्वतःभोवती जी राळ स्रवतो तीच लाख. आमच्याकडचा पळस पत्रावळींपुरता आणि रंगपंचमीच्या रंगापुरता; लाखेचा खरा व्यापार छोटा नागपूरच्या अरण्यांतून चाले आणि तेथून ती शुद्ध होऊन, पातळ पापुद्र्यांच्या रूपाने, कलकत्त्याच्या बंदरातून जगभर जाई. विनायल नावाचे कृत्रिम द्रव्य येण्यापूर्वी सुमारे अर्धे शतक जगातली प्रत्येक सामान्य तबकडी या लाखेच्या बंधनाने बांधलेली असे: थोडी लाख, तिच्याहून कितीतरी अधिक दगडाची वस्त्रगाळ पूड, काळ्या रंगासाठी काजळी आणि चिवटपणासाठी कापसाचे तंतू. लुई आर्मस्ट्राँगने १९२५ च्या नोव्हेंबरात शिकागोत आपल्या ‘हॉट फाइव्ह’ संचाबरोबर जी ध्वनिमुद्रणे आरंभिली, ज्यांच्यापासून पुढच्या पिढ्यांनी जॅझमधील एकल वादनाचा इतिहास मोजला, ती अमेरिकेतल्या घराघरांत पोचली ती लाखेच्याच तबकड्यांवरून. आणि लाखेचा जगाला होणारा पुरवठा मुख्यतः हिंदुस्थानातून होत असल्यामुळे, दुसऱ्या महायुद्धात जहाजांची ये-जा अवघड होताच, १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारला हुकूम काढून तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेचा वापर सत्तर टक्क्यांनी कमी करावा लागला. न्यूयॉर्कच्या कारखान्यात एखादा ट्रंपेट गप्प व्हावा, कारण पळसाच्या फांदीवरची राळ वेळेवर पोचली नाही, ही घटना मला फार विलक्षण वाटते. युद्धकाळी अमेरिकन सैनिकांसाठी ज्या ‘व्ही-डिस्क’ नावाच्या तबकड्या काढल्या गेल्या त्या विनायलच्या होत्या, याचे एक कारण या टंचाईत होते आणि दुसरे, लाखेची तबकडी प्रवासात फुटते, यात.

लाखेचा आणखी एक स्वभाव आमच्या बायकांना तबकडीच्या जन्मापूर्वीपासून ठाऊक होता. हैदराबादेच्या लाडबाजारातून येणाऱ्या लाखेच्या बांगड्या ज्याने घडताना पाहिल्या असतील त्याला मी काय म्हणतो ते तत्काळ कळेल. कारागीर लाखेची कांडी निखाऱ्यावर धरतो, ती वितळण्याच्या पुष्कळ आधीच नरम होते, मग तो तिला मनगटाच्या मापाने वळवतो आणि गार होताच तिने घेतलेला आकार ती सोडीत नाही. ज्या गुणामुळे बांगडी होते, त्याच गुणामुळे तबकडी वाकते. ऊन लागले, तबकडी तिरकी उभी असली, वर एखादे ओझे असले, की ती हळूहळू आपल्याच भाराने झुकते, रात्री गार होते आणि सकाळी तो बाक कायमचा होऊन बसतो. मराठवाड्याच्या वैशाखात, जेथे सावलीतला पाराही बेचाळीस अंशांपलीकडे जातो, पत्र्याच्या छपराखालच्या ट्रंकेत काय होत असेल ते निराळे सांगावयास नको.

तबकडीसाठीच्या ध्वनिमुद्रणाचा या देशातला आरंभ १९०२ चा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मेणावर घेतले. परंतु त्यावरून तबकड्या दाबण्याची सोय इकडे नसल्यामुळे ती मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हरला गेली आणि तेथून तयार होऊन पुन्हा समुद्र ओलांडून आली. म्हणजे लाख इकडून तिकडे, गाणेही इकडून तिकडे, आणि दोहोंची मिळून झालेली वस्तू तिकडून इकडे, अशी ती द्राविडी प्राणायामाची वाट होती. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना निघाला, १९२८ मध्ये तो डमडमला गेला, आणि मग कुत्र्याच्या चित्राची ती काळी थाळी खेड्यापाड्यांपर्यंत जाऊन पोचली.

आमच्या बाजूला ती येई तो मार्ग लांबचा होता. मुंबईचा माल मनमाडला निजामच्या मीटरगेज गाडीत चढे, परभणीवरून पूर्णा जंक्शनला उतरे, तेथून फाट्याच्या गाडीने हिंगोलीस येई; हा फाटा पुढे खांडव्यापर्यंत वाढला, पण कित्येक दशके तो हिंगोलीलाच संपत असे, त्यामुळे आमचे गाव म्हणजे रुळांचा शेवट होता. इंग्रजी मुलखातून निजामच्या मुलखात येणाऱ्या मालावर करोडगिरीचा महसूल द्यावा लागे, पेटी उघडून दाखवावी लागे, कागदावर शिक्का घ्यावा लागे. आणि गवताच्या वा कागदाच्या लगद्याच्या गादीवर निजवलेल्या त्या नाजूक थाळ्या दर ठिकाणी उघड्या होऊन पुन्हा बांधल्या जात. तबकडी वाकण्याची वा तडकण्याची सुरुवात बहुधा येथेच होई. आमच्या घरी आजोबांच्या वेळचा जो चावीचा ग्रामोफोन होता, त्याच्या पेटीत एका तबकडीच्या वेष्टनावर उर्दू शिक्क्याचा अस्पष्ट, जांभळा अर्धगोल मी लहानपणी पाहिला आहे. तो करोडगिरीचा, असे वडील सांगत. ती तबकडी एका बाजूने किंचित उचललेली होती.

परंतु जॅझशी आमच्या गावाचे नाते ग्रामोफोनच्याही आधीचे आहे असे मला वाटते, आणि ते समजून घ्यायचे तर छावणीकडे पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाचा बहुतेक काळ हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचे ठाणे होते. याच फौजेच्या खर्चासाठी १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला होता. १९०३ मध्ये ती फौज हिंदी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. पलटण म्हटली की कवायत आली, आणि कवायत म्हटली की पितळी वाद्यांचा बँड आला. साऱ्या हिंदुस्थानात ज्या वरातीच्या बँडपार्ट्या उभ्या राहिल्या, त्यांची वाद्ये, त्यांचे झब्बेदार पोशाख आणि त्यांचे चालीत चालणे या तिन्ही गोष्टी अशा छावण्यांच्या बँडांतून उतरल्या आहेत. इकडे हे घडत असता पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, न्यू ऑर्लिन्स शहरात, यादवी युद्धानंतर लष्करी बँडांची कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन कृष्णवर्णीय वादकांच्या हाती आली, त्यांनी ती मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेत वाजविली, आणि त्या वाजविण्यातून जॅझचा जन्म झाला, असे त्या संगीताचे इतिहासकार सांगतात. लष्कराने मागे ठेवलेले तेच पितळ तेथे एका नव्या कलेचे साधन झाले आणि येथे नवरदेवाच्या घोड्यापुढे चालू लागले. मी लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला पट्टीच्या दोन सुरांच्या मधून घसरत जाताना ऐकतो, तेव्हा मला तो परका वाटत नाही आणि सिडनी बेशे हा न्यू ऑर्लिन्सचा वादकही परका वाटत नाही.

आता मुंबईचा अध्याय. १९३५ मध्ये लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला, ज्याच्या संचाने १९३६ मध्ये ‘ताजमहाल’ याच नावाचा एक फॉक्सट्रॉट मुंबईत ध्वनिमुद्रित केला. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला आणि १९४५ मध्ये कलकत्त्याच्याच मातीत विसावला. या मंडळींच्या शेजारी बसून ज्यांनी ती विद्या आत्मसात केली ते प्रामुख्याने गोव्याचे वादक. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेले, मुंबईला आल्यावर धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’त उतरणारे ते लोक कागदावरचे पाश्चात्त्य संगीत सहज वाचीत, आणि कागद बाजूला ठेवून वाजविण्याची कला त्यांनी या अमेरिकनांकडून घेतली. त्यांतला चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध झालेला अँटोनियो झेवियर वाझ हा ट्रंपेटवादक बार्देशातल्या हळदोण्याचा. हळदीच्या पेठेत वाढलेल्या मला त्या गावाचे नाव प्रथम ऐकल्यावर जो आनंद झाला तो मी लपवीत नाही. त्याला लोक हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत.

१९४९ मध्ये मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा झाला, रात्रीच्या क्लबांची रया गेली आणि या वादकांपैकी पुष्कळांनी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांचा आश्रय घेतला. येथे आपल्या पुणतांब्याचा रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, उभा होता. विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली गाणे शिकलेल्या या माणसाने १९४७ च्या ‘शहनाई’पासून १९५१ च्या ‘अलबेला’पर्यंत जे केले त्याचे मोल, माझ्या मते, अजून नीट केले गेलेले नाही. त्याने गोव्याच्या वादकांना केवळ नोकरीवर ठेवले नाही. त्यांना आपल्या चालींच्या आत जागा दिली. चिक चॉकलेट त्याचा साहाय्यक होता, आणि ‘अलबेला’त तर तो आपल्या संचासह पडद्यावरही दिसतो. ज्या गाण्यांवर सारा महाराष्ट्र नाचला त्या गाण्यांत कडव्यांच्या मधल्या जागी जो ट्रंपेट उसळतो, जो क्लॅरिनेट खट्याळपणे उत्तर देतो, ज्या ठेक्यावर खालचा स्वर चालत जातो, ते जॅझ आहे. वाट्याला आलेल्या सात-आठ सेकंदांत त्या अनाम वादकांनी आपली सारी विद्या ओतली आहे. आणि त्या तबकड्या हिंगोलीला आल्या. त्या दसऱ्याच्या जत्रेत वाजल्या, महाशिवरात्रीला औंढ्याला वाजल्या, टूरिंग टॉकीजच्या तंबूवर खेळ सुरू होण्यापूर्वी कर्ण्यातून साऱ्या माळरानावर वाजल्या. म्हणूनच माझ्या संग्रहाची वही उघडल्यास पहिल्या पानावर एकही अमेरिकन नाव सापडणार नाही. तेथे ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या, कुत्र्याच्या छापाच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांची जंत्री आहे, आणि माझी ठाम समजूत अशी आहे की मराठी मुलखातील जॅझसंग्राहकाने प्रारंभ तेथूनच करावयास हवा.

या तबकड्या गावोगाव नेणारा माणूस म्हणजे लाऊडस्पीकरवाला. त्याच्या धंद्याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. बैलगाडीत बॅटरी, कर्णा, बाजाची पेटी आणि तबकड्यांची पत्र्याची ट्रंक घालून तो लग्नाच्या आदल्या दिवशी गावात येई, कर्णा लिंबाच्या झाडावर चढवी, आणि वरात परतेपर्यंत त्याच्या ट्रंकेतल्या चाळीस-पन्नास तबकड्या फिरून फिरून वाजत. लग्नसराई उन्हाळ्याची, रस्ता उघड्यावरचा, ट्रंक लोखंडाची. तेव्हा वाकलेल्या तबकड्यांचा सर्वांत मोठा संग्रह त्याच्याकडेच असे यात नवल नाही. अशा एका वृद्ध कारागिराकडून मी जे शिकलो ते पुढे कोणत्याही पुस्तकाने मला अधिक स्पष्ट सांगितले नाही. सुतार जशी रंधलेली फळी एका टोकाकडून डोळ्याशी धरून तिचा बाक पाहतो, तशी तो तबकडी डोळ्याच्या रेषेत आडवी धरी, हळूहळू फिरवी आणि नुसत्या नजरेने तिची प्रकृती सांगे. मध्यभागी खोलगट होऊन कडा सर्वत्र सारख्या उचलल्या असतील तर ती ‘ताटली’. ही बरी, कारण सुई एकाच संथ उतारावरून चालत राहते. समोरासमोरच्या दोन कडा वर आणि दोन खाली असतील तर ‘पापड’; ही वाजते, पण डोलत. आणि कडेला एकाच ठिकाणी अंगठ्याने चिमटल्यासारखा उंचवटा असेल तर तिला तो ‘चिमटा’ म्हणे, आणि ती बाजूला ठेवी.

आश्चर्याची गोष्ट अशी की त्याच्या काळात वाकलेली तबकडीही बहुधा वाजून जाई. जुन्या ग्रामोफोनचा ध्वनिकोश पोलादी सुईसह शंभर ग्रॅमहूनही अधिक भार तबकडीवर टाकीत असे. खोल चरीत रुतलेली ती सुई, ओझ्याच्या बैलाने घाट चढावा तशी, चढउतार ओलांडून निमूट पुढे जाई. वाकण्याचे खरे संकट आले ते प्रगतीबरोबर. १९४८ मध्ये अमेरिकेत विनायलची दीर्घवादी तबकडी निघाली, मिनिटाला तेहतीस आणि एकतृतीयांश फेरे घेणारी. तिची चरी केसासारखी बारीक, एका बाजूची लांबी उलगडली तर सुमारे अर्धा किलोमीटर, जणू एकाच नांगराने न थांबता काढलेला एक अखंड तास. तिच्यावरून हिऱ्याची सुई फिरते ती अवघ्या दीड-दोन ग्रॅमच्या भाराने. इतकी हलकी सुई चिमट्याच्या उंचवट्यावर आली की उडते, आणि जेथे पडते तेथून गाणे पुढे चालू होते. हा उपद्रव थांबविण्यासाठी सुईच्या डोक्यावर नाणे ठेवण्याची क्लृप्ती आमच्याकडे सर्रास चाले. १९४३ पासून निघालेला भोकाचा पैसा, ज्याचे वजन जेमतेम दोन ग्रॅम, या कामी फार सोयीचा मानला जाई. मीही तो वापरला आहे. त्या दोन ग्रॅमांनी सुईचा भार दुप्पट होतो आणि चरीच्या भिंती कुरतडल्या जातात, हे मला कळले तोवर माझ्या तीन चांगल्या तबकड्यांचे उंच स्वर कायमचे खरखरीत झाले होते.

बाकाचा दुसरा दोष सूक्ष्म आहे आणि तो कान तयार असलेल्यालाच जाणवतो. दीर्घवादी तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा, प्रत्येक फेऱ्यात सुई एकदा चढते, एकदा उतरते, आणि त्या चढउतारात चरी तिच्याखालून किंचित वेगाने वा किंचित सावकाश सरकते, त्यामुळे स्वर तितक्याच कालावधीने वरखाली लवतो. ट्रंपेटच्या कंपित स्वरात हा दोष लपतो. पियानोच्या लांबलेल्या स्वरात तो उघडा पडतो, कारण पियानोच्या पट्टीला मींड ठाऊक नाही आणि तिचा स्वर जागचा हलताच कान दचकतो. ख्यालाच्या तबकडीत हे काम तंबोरा करतो. तबकडी सरळ आहे की नाही याची परीक्षा करायची तर मी डोळ्याच्याही आधी तंबोऱ्याचा षड्ज ऐकतो. तो स्थिर असेल तर तबकडी निरोगी. या कारणाने, वाकलेली पियानोची तबकडी मी अधिक कळकळीने दुरुस्त करतो आणि ट्रंपेटच्या तबकडीला जरा थांबावे लागते.

अमेरिकन तबकड्या हिंगोलीत फार उशिरा आल्या, कारण १९५७ च्या सुमारास परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर जे निर्बंध आले त्यांत चैनीच्या वस्तूंना थारा नव्हता. तोवर आम्हांस आधार होता तो लघुलहरींचा. १९५५ च्या जानेवारीपासून विलिस कॉनोव्हर नावाचा निवेदक ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून रोज रात्री जॅझचा कार्यक्रम सादर करी, त्याचे इंग्रजी संथ आणि शब्दन् शब्द सुटा, त्यामुळे माझ्यासारख्या तालुक्याच्या शाळेतल्या मुलालाही वादकांची नावे लिहून घेता येत. आवाज लाटांवर येई, जाई, मध्येच एखादे परकेच केंद्र त्यावर चढे. पण त्या खरखरीतून ड्यूक एलिंग्टनचे नाव मी प्रथम ऐकले. मोठ्या शहरांच्या नशिबी प्रत्यक्ष श्रवण होते. डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये मुंबईस आला आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या संगतीत त्याने वाजविले. १९६३ मध्ये एलिंग्टन आपल्या साऱ्या वाद्यवृंदासह आला. दुसऱ्या वर्षी स्वतः आर्मस्ट्राँग. एलिंग्टनच्या त्या प्रवासातून पुढे ‘फार ईस्ट स्वीट’ ही रचनामाला निघाली, आणि तिच्यात त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न याने दिल्लीच्या मुक्कामात ऐकलेल्या एका पक्ष्याची शीळ क्लॅरिनेटच्या मुखी घातली आहे. तो पक्षी म्हणजे साळुंकी. आमच्या माळवदाच्या धाब्यावर रोज सकाळी भांडणारी ही साळुंकी न्यूयॉर्कच्या तबकडीवर जाऊन बसली आहे, हे मला कळले त्या दिवशी मी ती रचना एकामागून एक चार वेळा ऐकली. १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू केली, तीत सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स आला होता. महोत्सवाला ‘यात्रा’ म्हणण्याची कल्पना मला फार आवडते.

त्या काळातील तबकड्या माझ्या हाती आल्या त्या काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून, जे २०१६ मध्ये बंद झाले, आणि चोरबाजारातल्या ढिगांतून; कोणत्या तबकडीचे मुद्रण कोठले, मातृका क्रमांक कसा वाचावा, ही दृष्टी आली ती मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या मंडळामुळे, ज्याचा भार भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी दीर्घकाळ वाहिला. १९७३ च्या तेलसंकटानंतरच्या तबकड्यांविषयी मात्र सावध असावे लागते. विनायल तेलापासून होते. तेल महागले तशा तबकड्या जगभर पातळ झाल्या, जुन्या तबकड्या वितळवून त्यांचा लगदा नव्यांत मिसळला जाऊ लागला, आणि एकशेवीस ग्रॅमची थाळी साच्यातून गरम असतानाच काढून एकावर एक रचली की ती जन्मतःच बाक घेऊन येते. असा जन्मजात बाक काचेखाली तात्पुरता लोपतो आणि महिन्याभरात परत उगवतो.

आता काचेची हकीगत सांगितली पाहिजे. काचा जाड हव्यात, कडा घासलेल्या हव्यात, आणि तबकडी आधी स्वच्छ पुसलेली हवी, कारण उष्णतेने मऊ झालेल्या चरीत धुळीचा एक कण दाबला गेला तर तो तेथे कायमचा ठोका मागे ठेवतो. उन्हाची वेळ सकाळी दहाच्या पुढची, अकराच्या आतली. काचेखाली काळी वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, म्हणून मी काचेला चिकटवून उष्णतामापक ठेवतो. पारा पन्नासच्या पुढे गेला की जागचे हलायचे नाही, आणि पंचावन्नला दोन्ही काचा तबकडीसह उचलून, त्या विलग न करता, खालच्या अंधाऱ्या माजघरात न्यायच्या. तेथे सपाट फरशीवर वर दोन विटा ठेवून रात्रभर निजवायचे. लाख लवकर वळते आणि लवकर ऐकते; विनायल साठ अंशांच्या आसपास मऊ होऊ लागते, पण त्याला आपला जुना आकार आठवत राहतो, म्हणून त्याला एक दिवस पुरत नाही, तीन-चार दिवस थोडे थोडे ऊन द्यावे लागते. चिमटा सहसा पूर्ण जात नाही.

एकदा मी चुकलो. एका विक्रेत्याकडून मे महिन्यात टपालाने एक तबकडी आली, शंकर-जयकिशन यांनी १९६८ मध्ये काढलेली ‘राग जॅझ स्टाइल’, जिच्यात तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग आहेत, रईस खाँ यांची सतार आहे आणि मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आहे. ती कितीतरी वर्षे मी शोधीत होतो. पुठ्ठ्याशिवाय, सुतळीने आवळून बांधलेले ते पुडके सोडले तर कडेला सुतळीच्या जागी दोन चिमटे. अधीरतेने मी दुसऱ्याच दिवशी, मेच्या दुपारी, ती काचेखाली ठेवली. खाली कोणी हाक मारली म्हणून गेलो आणि परत येईपर्यंत पारा पासष्टला टेकला होता. चिमटे गेले. पण काच उचलल्यावर तिरप्या उजेडात पाहिले तर कडेच्या अगदी अरुंद पट्टीतल्या चरींची चमक मंदावली होती, पहिल्या पावसाने शेतातल्या सऱ्यांच्या कडा बसतात तशी. तोडीचा आरंभ त्या पट्टीत आहे. तो आता कांबळ्याआडून आल्यासारखा येतो, चौथ्या-पाचव्या फेऱ्यानंतर सतार मोकळी होते, आणि मग सॅक्सोफोन आपली जागा घेतो तेव्हा सारे स्वच्छ असते. दुसरी प्रत मिळाली असता मी ती घेतली नाही. ज्या चरी माझ्या हातून बुजल्या त्या ऐकतच ती ऐकावी असे मला वाटले.

यंदा काचेखाली सात तबकड्या गेल्या. दोन ‘अलबेला’च्या, लाखेच्या, पहिल्याच सकाळी सरळ झाल्या. एलिंग्टनच्या एकीला चार दिवस लागले. ब्रूबेकची पापड झालेली तबकडी पुष्कळ सावरली, पण पियानोच्या शेवटच्या स्वराला अजून किंचित लवते. एका लग्नाच्या बँडची जुनी लहान तबकडी बरी झाली. उरलेल्या दोन जन्मजात बाकाच्या, त्या काही ऐकत नाहीत. आज खाली हळद पोत्यांत भरली गेली. मी काचा ओल्या फडक्याने पुसून, मध्ये वर्तमानपत्र घालून, पुढच्या फाल्गुनासाठी माळ्यावर ठेवल्या आहेत, आणि त्या दोन तबकड्या त्यांच्याचजवळ आडव्या ठेवल्या आहेत.